परसातली सातेरी : कळंब्यातल्या मधपेटीच्या नोंदी

५ ऑक्टोबर

शेजारच्या काकूंच्या बंद खोलीत, जुन्या लाकडी कपाटाच्या मागं मधमाश्यांनी घर केलंय. काकू औषध मारणाऱ्याला फोन लावणार होत्या, मी म्हटलं दोन आठवडे थांबा, मी काहीतरी करते. किती दिवस डोक्यात होतं की परसात मधपेटी ठेवायची, आत्या तर म्हणतात त्यांच्या माहेरी भिंतीत कोनाडाच ठेवलेला असायचा माश्यांसाठी.

आधी माशी कुठली ते बघितलं. आपल्याकडं पाण्याच्या टाकीखाली नाहीतर उंच झाडाला एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं ती आग्या, तिच्या वाटेला जायचंच नाही आणि ती पेटीत राहतही नाही. फुलोरीचं पोळं तळहाताएवढं, कुंपणात किंवा झुडपात, तेही एकच आणि उघडं. इथं कपाटाच्या मागं अंधारात एकाशेजारी एक अशी पाच-सहा पोळी दिसली टॉर्चच्या उजेडात, म्हणजे ही सातेरी. अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते म्हणूनच तिला पेटीत ठेवता येतं. मेलिफेरा नावाची परदेशी माशी पण पाळतात, ती मोठी आणि मध जास्त देते, पण तिला फुलोरा भरपूर लागतो म्हणून पेट्या गाडीत घालून सूर्यफूल, मोहरी असं पिकामागं फिरवावं लागतं. आपल्याला एका जागी एक पेटी ठेवायची आहे तर सातेरीच बरी, इथलीच आहे, आपला पाऊस तिला माहीत आहे.

१२ ऑक्टोबर

पेटी आली. खाली तळपाट, त्यावर पिलावाची म्हणजे पिल्लांची कोठी आठ फ्रेमची, वर मधकोठी, मग आतलं झाकण आणि छप्पर. धाकट्यानं पट्टी घेऊन सगळ्या फ्रेममधलं अंतर मोजलं कारण मी त्याला सांगितलेलं की सगळी गंमत त्या फटीत आहे. माशीला चालायला लागते तेवढीच, सात-आठ मिलिमीटरची फट ठेवली तर ती मोकळी सोडते, त्यापेक्षा मोठी ठेवली तर तिथं आडवंतिडवं पोळं बांधून सगळं चिकटवून टाकते. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्यानं १८५१ मध्ये हे ओळखलं आणि तेव्हापासून फ्रेम बाहेर काढून परत ठेवता यायला लागल्या, त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं कापायचंच.

जागा पेरूच्या झाडाखाली ठरवली, तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन पडतं आणि दुपारी सावली. समोर दहा फूट मोकळं, जाण्यायेण्याची वाट तिकडून नाही. गॅलरीतला बल्ब मात्र बरोबर पेटीच्या दारासमोर येत होता, रात्री उजेडाला माश्या येतात म्हणून तो काढून मागच्या बाजूला लावला. स्टँडच्या चारही पायांखाली वाट्या, त्यात पाणी आणि वर थोडं जळकं ऑइल, मुंग्यांसाठी. एका परातीत खडे घालून पाणी ठेवलंय, खड्यांवर बसून पितात नाहीतर बुडतात.

१९ ऑक्टोबर

तात्या आले होते. पाटगावकडचे, गारगोटीच्या पुढं भुदरगड तालुक्यातलं हे पाटगाव म्हणजे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथं घरोघरी मधपाळ आहेत आणि तात्यांचं तर आयुष्य ह्यातच गेलं. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं त्यांनी तरुणपणी ट्रेनिंग घेतलेलं.

संध्याकाळी पाचला सुरू केलं. स्मोकरमध्ये शेणीचा तुकडा आणि नारळाची शेंडी, दोनच फुंका. धुरानं माश्यांना एकमेकींचा धोक्याचा वास कळत नाही आणि त्या मध पिऊन घ्यायला लागतात, पोट भरलं की वाकून डंख मारणं अवघड जातं. कपाट सरकवलं, तात्यांनी एकेक पोळं सुरीनं कापलं, पिल्लं असलेले तुकडे फ्रेममध्ये उभे धरून केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं बांधले (दोन-चार दिवसात माश्या स्वतः चिकटवतात आणि दोरा कुरतडून बाहेर टाकतात). मधाचे तुकडे बांधायचे नाहीत, जड असतात, तुटून पडतात, ते काकूंना दिले. मग हाताच्या ओंजळीनं माश्या उचलून पेटीत. ओंजळीनं! मी हातमोजे घालून आणि तात्या उघड्या हातानं.

राणी पेटीत गेली हे तात्यांना बघायच्या आधीच कळलं, कारण दाराशी पंधरा-वीस माश्या शेपटाकडचा भाग वर करून पंख हलवायला लागल्या, हा "इकडं या" असा वास सोडतात, आणि अर्ध्या तासात भिंतीवरच्या सगळ्या माश्या रांगेनं चालत आत गेल्या. मी असलं काही कधी बघितलेलं नव्हतं. अंधार पडल्यावर दाराला राणीजाळी लावून पेटी पेरूखाली आणली. जाळीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही.

जाताना तात्या म्हणाले, "वैनी, आता आठ-धा दिवस हात लावायचा न्हाई. भायेरनं बघा नुसतं."

२३ ऑक्टोबर

उघडलं. पोळी चिकटली का बघायचं होतं. चिकटलीत. राणी दिसली, लांब, काळपट, हळू चालते.

२६ ऑक्टोबर

परत उघडलं, भाऊजींना राणी दाखवायला. राणीजाळी काढली, जास्त दिवस ठेवली तर नर अडकतात.

३० ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, ५ नोव्हेंबर

उघडलं. दिवाळीची सुट्टी, पाहुणे, सगळ्यांना बघायचं होतं आणि मलाही.

९ नोव्हेंबर

पेटी रिकामी आहे.

सकाळी अकराच्या सुमाराला भला मोठा आवाज झाला, आत्या पळत बाहेर आल्या, सगळ्या माश्या ढगासारख्या पेरूवर फिरल्या आणि आंब्यावरून पलीकडं निघून गेल्या. मी ऑफिसात होते. आल्यावर झाकण काढलं तर पोळ्यात ना मध ना पिल्लू, एकदम साफ.

तात्यांना फोन केला, ते रागावले नाहीत, एकच विचारलं की दारात पराग येत होता का शेवटी. आठवून बघितलं तर चार-पाच दिवस कुणाच्याच पायाला पिवळं काही नव्हतं. सातेरी घर सोडायचं ठरवते तेव्हा राणी अंडी घालायचं बंद करते, असलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबतात, साठवलेला मध पिऊन घेतात आणि मग जातात. म्हणजे निर्णय आधीच झालेला होता आणि दारावर तो दिसत होता, मी आत डोकावत बसले. दर तीन दिवसांनी झाकण काढायचं म्हणजे त्यांची आतली उष्णता जाते (पिल्लांना साधारण ३४-३५ डिग्री लागते), वास मोडतो, आणि नव्या जागी आधीच बिचकलेल्या असतात. सातेरी हे सहन करत नाही. चूक माझी आहे आणि ती इथं लिहून ठेवते.

पोळी तशीच ठेवली तर मेणकिडा लागतो म्हणून वितळवून मेण केलं. लिंबाएवढा गोळा निघाला.

१४ डिसेंबर

तात्यांकडून पाच फ्रेमची वसाहत आणली, ह्या वेळी पकडलेली नाही, पेटीतच वाढलेली. रात्री नऊला दाराला जाळी ठोकून गाडीत घातली, फ्रेम गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवायच्या म्हणजे ब्रेक मारला की एकमेकांवर आपटत नाहीत. ह्यांनी कधी नव्हे ते चाळीसच्या स्पीडनं गाडी चालवली. साडेअकराला घरी, स्टँडवर ठेवून जाळी काढली आणि झोपलो.

२२ डिसेंबर

अजून उघडलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन दाराच्या बाजूला, समोर नाही, बसते वीस मिनिटं. जे दिसतं ते वहीत लिहिते. पराग येतोय म्हणजे आत अळ्यांना खायला लागतंय म्हणजे राणी अंडी घालतीय. फिकट पिवळा बहुतेक नारळाचा किंवा मक्याचा, गडद नारिंगी आला तर कुठंतरी सूर्यफूल आहे. दुपारी दोनच्या आसपास लहान माश्या पेटीकडं तोंड करून हवेत झुलतात पाच-दहा मिनिटं, त्या नव्या, घर पाठ करतात. तळपाटावर खरखरीत मेणाचा भुगा पडला की आत नवी पिल्लं टोपण फोडून बाहेर येतात.

२८ डिसेंबर

पहिल्यांदा उघडलं, सात मिनिटं, एकच फ्रेम पूर्ण बघितली. राणी शोधली नाही. पोळ्यातल्या खोलीच्या तळाला तांदळाच्या कणीसारखं उभं अंडं दिसलं की झालं, अंडं तीनच दिवस अंडं राहतं, म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथं येऊन गेलेली आहे. हे तात्यांनी सांगितलंय, आता माझं उघडणं निम्म्यावर येईल.

११ जानेवारी

काहीतरी वेगळं चाललंय. माश्या जड होऊन येतात, दारात धप्पकन उतरतात, पण पायाला पराग कमी. आजूबाजूला फुलोरा म्हणावा असा नाही, शेवगा थोडा आणि आमची तुळस. तरी आत पोळ्यात ओलं चकाकणारं काहीतरी भराभर भरतंय आणि पेटीजवळ गेलं की गोड पण मधाचा नाही असा वास. पेटीसमोरच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी ठिपके पडलेत, पोट बिघडल्यासारखे.

१४ जानेवारी

उलगडा झाला, आणि कसा झाला हे नीट लिहिते कारण आजच्याएवढा आनंद मला ह्या कामात अजून झालेला नाही, आणि वाईटही तेवढंच वाटलं.

सकाळी नऊला एक फ्रेम काढून सावलीत सरळ उभी धरली. एक माशी गर्दीत नाचत होती. सरळ रेषेत पोट थरथरवत जायची, मग उजवीकडून वळून मागं, परत तीच रेषा, मग डावीकडून वळून मागं, मागोमाग चार-पाच जणी स्पर्श करत. हा नाच म्हणजे पत्ता असतो, कार्ल फॉन फ्रिशनं तो वाचून दाखवला आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याच्या दिशेनं, वरच्यापासून जेवढा कोन तेवढाच सूर्यापासून कोन. तिची रेषा वरपासून उजवीकडं साधारण अर्ध्या काटकोनाएवढी कललेली. जानेवारीत नऊ वाजता आमच्याकडं सूर्य आग्नेयेला, त्याच्या उजवीकडं तेवढंच वळलं की सरळ दक्षिण. दुसरी माशी बघितली, तिचीही तीच दिशा. धाकटा गच्चीवर गेला आणि वरून ओरडला, "आई, तिकडं धूर हाय!"

गुऱ्हाळ. दक्षिणेला ऊसच ऊस आहे, त्यात एक किलोमीटरच्या आसपास गुऱ्हाळ चालू झालंय. गाडीवरून गेलो. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळतोय, बाजूला रसावरची मळी काढून टाकलेली आणि त्या मळीवर, रसाच्या टाकीवर, गूळ गार करायच्या वाफ्याच्या कडेला माश्याच माश्या. टाकीत तरंगणाऱ्या मेलेल्या तर ओंजळभर निघाल्या. वाफेत भोवळ येऊन काहिलीतही पडतात, गुळव्या म्हणाला दरवर्षीचंच आहे हे.

आपल्याला वाटतं माझ्या बागेतल्या माश्या. बाग केवढी, सव्वा गुंठा. सातेरी सहज किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, म्हणजे तिचं रान सात चौरस किलोमीटरपर्यंत जातं, त्यात कळंबा तलावाची कडा आली, लोकांची परसं आली, ऊस आला. आणि ऊस दिसायला हिरवागार असला तरी माशीला त्यात फुलाचं काही नाही, म्हणून जानेवारीत तिला सगळ्यात जवळचं गोड म्हणजे हेच.

गुऱ्हाळाच्या मालकांशी बोललो. मी मच्छरदाणीचं कापड देते म्हटलं टाकीवर घालायला, ते म्हणाले, "ताई, आमच्या रसात माश्या पडलेल्या आमाला तरी कुठं बऱ्या वाटत्यात?" आणि संध्याकाळपर्यंत टाकी झाकली पण. मळी लगेच खड्ड्यात घालून माती टाकतो म्हणाले. येताना गरम गुळाचा खडा दिला, संक्रांतीचा.

रात्री तात्यांना विचारलं की पोळ्यात जे भरलंय त्याचं काय. म्हणाले तो मध नव्हे, फुलाचा रस नाही तर मध कसला, आणि उसाच्या रसातला मळ त्यांना पचत नाही म्हणून ते ठिपके. काढायचं नाही, विकायचं तर नाहीच, त्यांचं त्यांना खाऊ दे. गुऱ्हाळ थंड होईपर्यंत मधकोठी चढवायची नाही असं ठरलं.

२५ फेब्रुवारी

गुऱ्हाळ बंद होऊन बारा दिवस झाले, फरशी स्वच्छ. आठही फ्रेम माश्यांनी भरल्या. आज मधकोठी चढवली. करंज अजून यायचाय, पण शेवगा आता जोरात आणि मागच्या गल्लीत कोथिंबीर फुलाला सोडलीय एका आजींनी, मी मुद्दाम जाऊन सांगितलं तोडू नका म्हणून.

९ मार्च

एका पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी तीन राणीघरं लटकलेली. नरांची टोपणं पण दिसली, मधोमध बारीक भोक असतं सातेरीच्या नराच्या टोपणाला. म्हणजे घर फुटणार, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन जाणार. तात्या आले आणि जायच्या आधी आपणच वाटणी केली. पिल्लांच्या तीन फ्रेम, त्यावरच्या माश्या, एक चांगलं राणीघर असं दुसऱ्या पेटीत, उरलेली दोन राणीघरं काढून टाकली. नवी पेटी मामांच्या शेतात कागलकडं पाठवली. जवळ ठेवली असती तर उडणाऱ्या माश्या परत जुन्या घरीच आल्या असत्या.

२ एप्रिल

शेतातल्या पेटीत अंडी दिसली, म्हणजे नवी राणी बाहेर उडून नरांना भेटून नीट परत आली. मामा फोनवर दहा मिनिटं तेच सांगत होते.

इकडं धाकट्याला डंख बसला, मानेला. डंखाला काटे असतात, कामकरी माशीचा तो अडकून राहतो आणि त्याची विषाची पिशवी पंपासारखी चालू राहते, म्हणून चिमटीत धरून दाबायचं नाही, लगेच नखानं खरवडून काढायचं. काढला, बर्फ लावला, अर्धा तास समोर बसवून ठेवला. श्वास लागणं, अंगभर गांधी, ओठ सुजणं असलं काही झालं तर सरळ दवाखाना, वाट बघायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तसं काही झालं नाही. तो पेटीशेजारी केळ खात उभा होता असं नंतर कळलं, आणि माशीच्या धोक्याच्या वासात जे द्रव्य असतं त्याचा वास पिकल्या केळ्यासारखाच असतो. आता पेटीकडं केळ न्यायचं नाही.

१९ एप्रिल

पहिला मध. जांभूळ आणि करंज दोन्ही चांगले आले ह्या वर्षी. मधकोठीतल्या ज्या फ्रेमवर तीन-चतुर्थांश टोपण बसलंय तेवढ्याच, चार, काढल्या. टोपण नसलेला मध पातळ असतो, सातेरीचा तर आधीच जरा पातळ, आंबतो. तात्यांच्या हातयंत्रात फिरवला, पोळं तुटत नाही, परत तसंच माश्यांना मिळतं. एक किलो साडेतीनशे ग्रॅम. किंचित तुरट, मागून गोड. पिलावाच्या कोठीतल्या मधाला हात लावला नाही, तो पावसाळ्याचा.

काकूंना पहिली बाटली, त्यांच्या कपाटामागच्या माश्यांवरनंच हे सुरू झालं.

८ मे

संध्याकाळी गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली, न सांगता. पळत जाऊन पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, दार झाकलं, गाडी लांब गेल्यावर काढलं. सकाळी दारात चाळीसेक मेलेल्या मोजल्या. गल्लीच्या ग्रुपवर विनंती टाकलीय की कुणालाही आधी कळलं तर मला सांगा. मागच्या शेतवाल्या दादांनी मात्र स्वतःहून फोन केला, उद्या वांग्यावर फवारणार आहे, संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर फवारतो. एवढ्या एका गोष्टीनं किती वाचतात.

२४ मे

वळवाचे दोन पाऊस झाले. पेटी पत्र्याखाली न्यायची आहे, अंतर नऊ फूट. एकदम हलवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागेवरच घिरट्या घालत मरतात, म्हणून रोज एक फूट, संध्याकाळी. आज तिसरा दिवस. मधकोठी उतरवली, तळपाट खरवडून साफ केला, मेणकिड्याची दोन जाळी निघाली कोपऱ्यात.

१२ जून

पाऊस लागला. दार दोन माश्यांपुरतं बारीक केलं, पेटी पुढं किंचित कलती ठेवली म्हणजे पाणी आत थांबत नाही, छपरावर दगड. उकळून गार केलेल्या पाण्यात बरोबरीनं साखर, वाटीत काड्या घालून आतल्या झाकणावर, रात्रीच, बाहेर एक थेंब सांडू न देता, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. साखरच, गूळ नाही, जानेवारीत ते कळलंय.

दुपारी तासभर उघडीप झाली. आत्या म्हणाल्या बघ की गं बाहेर. छत्री घेऊन दाराच्या बाजूला बसले. अकरा माश्या बाहेर गेल्या, सात परत आल्या, त्यातल्या दोघींच्या पायाला पराग होता, फिकट, मक्याचा असावा. झाकण उघडलं नाही.